वगैरे

अभिलेखागारात पेन चालत नाही.
पेन्सिल दिली त्यांनी, आखूड,
आणि एक उशी, वहीच्या पाठीला आधार म्हणून.
वहीला उशी मिळते इथे.

पान दोनशे बारा.
ग्रिझल मॅन्सन. वय एकतीस. शेटलंडहून, बोटीनं.
धंदा: विणकाम. मुलं तीन, हयात दोन.
वेडाचं कारण: आधी लिहिलंय 'समुद्र',
मग खोडून 'बाळंतपण'.

आमच्या घरात तिचं मरण केव्हाच उरकलेलं.
पणजी बोटीवर तापानं गेली, पाण्यात सोडली.
बायबलच्या कोऱ्या पानावर तारीखही आहे,
नोव्हेंबर १८८७.
तारीख खरी निघाली.
फक्त त्या दिवशी ती मेली नाही, दाखल झाली.
मेली चोवीस वर्षांनी.
म्हणजे आजीच्या लग्नात तिची आई होती,
लग्नात नव्हे, जगात होती,
वेड्यांच्या इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी पिळत.

सिनी आत्या फोनवर म्हणाली, कशाला उकरतेस.
मग बराच वेळ नुसता तिच्याकडचा वारा.
मग म्हणाली, डोळे कसे होते, लिहिलंय का?

नाही लिहिलं.
वजन आहे. दर तिमाहीचं.

मार्च १८८९. डॉक्टर नवा, अक्षर गोल, हौशी:
'रुग्ण शांत. बोली आडबेटावरची, कळत नाही.
सुया नियमाप्रमाणे काढून घेतल्या आहेत,
तरी दिवसभर बोटं हलवते
आणि निरर्थक आकडे पुटपुटते. उदाहरणार्थ,
तीन एक तीन पाच.
दोन तीन दोन एक तीन एक.
एक पाच एक एक तीन.
वगैरे.'

माझी बोटं टेबलाखाली आधीच हलायला लागली होती.
तीन पांढरे, एक तपकिरी, तीन पांढरे, पाच तपकिरी.
बारा टाके, की पुन्हा पहिल्यापासून.
आमच्याकडे शाळेत जायच्या आधी पोरीला येतं हे.
एवढ्या मोठ्या इस्पितळात
एकाही माणसाला विणता येत नव्हतं?
येत असेल. नर्सना येत असेल.
वही नर्सच्या हातात नव्हती.

परतीच्या बोटीत, रात्री, विणून पाहिलं.
चौकट उमलायला लागली, मधोमध रुंद होत,
आणि चौथ्या ओळीवर
वगैरे आलं.

आत्यानं ते खिडकीपाशी नेलं, उलटं करून पाहिलं,
सुलट बाजू तिला नंतर बघायची असते.
तिसऱ्या ओळीत अकराच भरतात, म्हणाली.
शेवटचा एक कुठाय?

डॉक्टरनं ऐकला नाही, की तिनंच गाळला,
की नेमकं तेव्हा कोणी दार आपटलं.

उसवलं नाही आम्ही.
टाके सुटू नयेत म्हणून सुईच्या टोकाला
बाटलीचं बूच लावलंय.
आत्या अधूनमधून ते उचलते,
ओठ हलतात तिचे,
आणि परत ठेवते.