एकतिसावी ओळ

साल्मे गेली त्या वर्षी बंदर मार्चपर्यंत गोठलेलं होतं.
तिच्या अकरा वह्या शेजारणीनं
बटाट्याच्या पोत्यात भरून वाचनालयात आणल्या.
"ठेव तुझ्याकडे, उर्वे. माझ्याकडे उंदीर फार."

ठेवल्या. मग एका हिवाळ्यात,
दुपारी साडेतीनला अंधार पडतो तेव्हा माणसानं करावं काय,
पान न् पान स्कॅन करून नेटवर टाकलं.
हातमोज्यांचे नमुने. काळं घर, पांढरं घर,
आठ पाकळ्यांचा तारा,
कडेला पेन्सिलीनं तिची कुरकुर:
इथे लोकर ओढू नकोस, बये.

पत्र टोरांटोहून आलं. तिचा भाचा, कालेव.
भाषा वकिली नव्हती, म्हणून जास्त लागली.
पोतं तुम्हाला मिळालं, बाई. हक्क नाही मिळाला.

रात्री कायदा घेऊन बसले. वाटलं, झोप तरी येईल.
विणणं कुणाच्या मालकीचं नाही, म्हणतो तो,
टाका कुणाला सातबाऱ्यावर चढवता येत नाही.
पण टाक्यासाठी हातानं आखलेली ती चौकट,
ती कुरकुरसुद्धा,
साल्मेची. आणि ती मेल्यावर सत्तर वर्षं
तिच्या माणसांची.
फुकट वाटलं, हे उत्तर होत नाही.
मायेनं वाटलं, हे तर नाहीच नाही.

दोन हजार नऊ अधिक सत्तर. बोटांवर मोजलं.
एक जानेवारी दोन हजार ऐंशी.
माझी नात तेव्हा आजच्या माझ्याहून म्हातारी.

पानं उतरवली, एकेक.
उतरवताना आकडा दिसतो, किती जणांनी घेतली त्याचा:
चार हजार दोनशे बारा.
कालेवला कळवलं, काढलं. आधी विचारायला हवं होतं.
त्या चार हजारांबद्दल काही लिहिलं नाही.

परवा फेरीच्या धक्क्यावर एक मुलगी,
बोली परकी, हातात वाफाळती कॉफी,
हातमोज्यावर तारा. सातवी पाकळी एका घरानं आखूड.
एकतिसाव्या ओळीत साल्मे मोजायला चुकली होती,
आम्ही हसायचो तिला,
ती वही आपटून निघून जायची.

"कुठून मिळालं हे?"
"कुणीतरी पाठवलं. चूक आहे ना त्यात?
दिसली मला. पण ठेवली."

कालेवला हे लिहावं की नाही ठरत नाही.
अर्धं पत्र सातव्या वहीत घालून ठेवलंय,
वही कपाटात,
किल्ली माझ्याकडे.