एक भोक जास्त

सतरा वर्षं मी पुठ्ठ्याला भोकं पाडली.
भोक असलं की धागा वर,
नसलं की खाली.
एवढंच शास्त्र.
त्यातून मोर निघायचा, कमळ निघायचं,
एकदा अक्कलकोटच्या एका वकिलासाठी
चादरीवर नवरा-नवरीचं नाव निघालं
आणि नवरीच्या नावाला एक मात्रा जास्त लागली.
तो पुठ्ठा माझा होता.
शेठनं अर्धा पगार कापला.

आता पुठ्ठे रद्दीत गेले,
मागाला पेन ड्राइव्ह लावतात.
मी गोदामात डझन मोजतो,
गाठ मारतो, पट्टी चिकटवतो.

मागच्या सोमवारी शेठ फोन नाचवत आला,
'राजेशम, सहा हजार नग!
बंगळूरची गेमवाली कंपनी.
जिंकणाऱ्यांना चादर देणार.'
खेळून चादर?
'बघ की बे, जमाना.'
चादरीवर कोल्हा पाहिजे होता,
मागच्या दोन पायांवर उभा,
हातात कुऱ्हाड.

अंबादासनं कोल्हा स्क्रीनवर मोठा केला.
आणखी मोठा, आणखी.
तसा कोल्हा गेला,
राहिले नुसते चौकोन,
काळा, पांढरा, पांढरा, काळा.
मी खुर्ची ओढून बसलो.
ओळखीचं कुणीतरी
फार वर्षांनी एसटी स्टँडवर दिसावं तसं.

रात्रपाळीचा मल्लिनाथ
चार माग एकटा सांभाळतो.
धागा तुटला की उठतो,
नाही तर बॉबिनच्या खोक्यावर बसून
अकरा खेळाडूंची टीम लावतो.
दिवाळीची उचल त्यातच गेली.
त्याच्या बायकोला वाटतं, भिशीत आहे.
मला माहीत आहे,
आणि मी तिच्या हातचा चहा पितो.

साखर पेठेत गुरुसिद्धच्या दुकानात
शेंगाचटणीच्या बरणीमागे पाटी आहे:
'येथे हिरे मिळतील.'
पोरं दहा-वीसच्या नोटा देतात,
गुरुसिद्ध त्यांचा नंबर मारतो,
हिरे येतात
आणि कुणालाच दिसत नाहीत.
चटणीपेक्षा ह्यात बरं सुटतं, म्हणतो,
खराब होत नाही, मुंग्या लागत नाहीत.

घरी सून भूदेवी सुपात पानं घेऊन बसलेली.
साईचरण तिला समजावत होता,
'आई, कोल्ह्याला नवं स्किन घ्यायचंय,
फक्त चारशे नव्व्याण्णव.'
स्किन म्हणजे? कातडं?
'कपडे गं.'
तिनं विडीला दोरा गुंडाळला,
नखानं तोंड दाबलं,
ओठ हलले.
ती रुपये मोजत नाही,
हजारात मोजते.
मग म्हणाली, 'तुझ्या कोल्ह्याला सांग,
शाळेच्या चड्डीवर फिर.'
नातू हसला नाही. मी हसलो.

शनिवारी माल गेला.
एक नग बाद निघाला, मी मागून घेतला.
कुऱ्हाडीच्या पात्यावर
एक पांढरा ठिपका, नको तिथं.
कुणी भोक पाडलं नव्हतं, पुठ्ठाच नव्हता,
तरी चूक आपली वाट काढून आली.

साईचरणनं चादर अंथरली,
गुडघ्यावर बसून बोट फिरवलं,
ठिपक्यावर थांबला.
'ताता! हा असा दुसरा आहे?'
नाही रे. चुकलेला आहे.
'मग हा रेअर.
ह्याला केवढी किंमत येईल माहितंय?
धुऊ नका हं. घडी पण मोडू नका.'

तेवढ्यात लाईट गेली.
गल्लीतले माग एकदम बंद झाले,
पोरांच्या शिव्या ऐकू आल्या,
कुणाचा तरी सामना अर्ध्यात तुटला.
भूदेवीचे हात अंधारात चालूच होते,
तिचं आठशे की नऊशे झालं होतं.

मी त्या वकिलाच्या चादरीचा विचार करत बसलो.
पेटीत असेल अजून.
नाही तर पाय पुसायला.
नवरीनं कधी बोट फिरवलं असेल का
त्या जास्तीच्या मात्रेवर?