तांबटाचं पान

फोर्टातल्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर
हा खंड पॅरिसहून कसा आला,
नोंदवहीला माहीत नाही.
ती एवढंच म्हणते: सतराशे पासष्टच्या आसपास,
कातडी बांधणी, पाठ उसवलेली,
दमटाचे डाग, कसर.

कसर आतून चालत आलीय
पाववाल्याच्या भट्टीतून, घड्याळजीच्या चाकांतून,
एका नक्षीदार खुर्चीच्या पायातून
थेट तांबटाच्या दुकानात.
वाटेत तिला कुणी जात विचारली नाही.

पुस्तक काढणाऱ्यांचाही असाच काही बेत असावा.
सगळं ज्ञान अकारविल्हे लावायचं,
मग राजा आणि रंगारी
एकाच अक्षरात दाटीवाटीने.
रात्री कुणा बाईसाहेबांच्या दिवाणखान्यात
पावडर लावलेले टोप, चॉकलेटचे पेले,
देव आहे की नाही यावर हमरीतुमरी,
आणि सकाळी त्यांतलेच कुणी वही घेऊन
विणकराच्या, लोहाराच्या दारात:
याला काय म्हणता? आणि याला?

मला फ्रेंच येत नाही.
मी जपानी कागद आणि गव्हाची खळ घेऊन
भोकं बुजवते.

पानाचा फोटो घरी नेला.
भाऊंनी तो दोन बोटांनी ताणला,
पत्रा ताणतात तसा.
साठ वर्षं ठोकून कान गेलेत, त्यामुळे
शेजाऱ्यांनाही कळलं:
"ही खरवई! हा मठारायचा हातोडा!
ही सांडशी. त्या डब्यात नवसागर असणार,
झाकण बघ कसं घट्ट."
खाली आकडे होते, बारीक अक्षरांत खुलासा होता.
त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मग थांबले.
"हे सगळेच डावरे कसे?"

खरंच की. चारही कारागिरांचा
उजवा हात भांड्यावर,
डावा हवेत, हातोड्यासकट.

मी म्हटलं, चित्र आधी तांब्यावर कोरतात,
कागदावर ते उलटं उमटतं.
कोरणारा घाईत असेल. किंवा त्याला वाटलं असेल,
तांबटाचा हात कोण बघतंय.

"तांब्यावर?"
"हो."
"मग तो पत्रा कुणी सपाट करून दिला?"

कोपऱ्यात कोरणाऱ्याची सही आहे.
पत्रा देणाऱ्याची नाही.

भाऊ मूळचे डावरे.
आजोबांनी डावा हात सुंभाने कमरेला बांधून
त्यांना उजव्याने मठारायला शिकवलं
तांबाकाट्याच्या गाळ्यात,
जिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलीत.
हे मला आईकडून कळलं होतं. ते बोलले नव्हते,
कालही नाही बोलले.
फोनचा दिवा विझला की
अंगठ्याने तो पुन्हा लावत होते,
डाव्या.

आज दुरुस्तीचा अहवाल भरला.
पाठ: शिवली. डाग: तसेच ठेवले.
कसर: बुजवली, थोडी राहिली.
पुढे 'शेरा' नावाचा रकाना, बोटभर रुंद.
त्यात लिहिलं: आकृती पाच, खरवई.
आकृती सात, मठारणी.
सांगणार, त्र्यंबक पोटफोडे, तांबट, डावरे.
रकाना संपला तेव्हा समासात गेले.

वरचे साहेब विचारतील, हे कशाला.
विचारू देत.
विचारायलाच तर सुरुवात झाली होती तेव्हा.