बावीस पावलं

ओट्यापासून गॅलरीच्या गजापर्यंत बावीस पावलं.
बेसिनपाशी जरा अंग चोरलं तर एकवीस.
मी अंग चोरत नाही.

आमराईत रोज चार फेऱ्या व्हायच्या,
हसीना शिकलगार आणि मी.
ती बोलायची, मी घाम पुसायची.
आता आमराई कुठं आहे
ते झाडांच्या शेंड्यांनाच ठाऊक.

पहिल्या दिवशी पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
दुसऱ्या दिवशी सातव्या.
रेडिओ म्हणाला, आयर्विनला त्रेपन्न फूट.
मला फुटांतलं कळत नाही.
चौदातून सात गेले, एवढं कळतं.

फोन मरायच्या आधी हसीनाशी एवढंच ठरलं :
सहाला निघायचं. तू विश्रामबागेत, गच्चीवर.
मी खणभागात, स्वयंपाकघरातून.
तिच्या वाटणीचं आता मीच बोलते.
मोठ्यानं. भांडी ऐकतात.

फडताळातून हळकुंडं काढली,
हे अडतीवर दिवाणजी होते तेव्हाची.
गॅलरीला जाऊन आलं की एक हळकुंड
पितळेच्या वाटीतून स्टीलच्या वाटीत.
पन्नास सकाळी, पन्नास दिवेलागणीला.
दिवे नाहीत,
पण वेळेला दुसरं काय म्हणणार?

वीज गेली तशी
इन्शुलिनची बाटली माठात सोडली.
तळाशी चार बोटं पाणी,
पिशवीला गाठ, गाठीला दोरा,
दोरा माठाच्या गळ्यात.
दिवसातून दोनदा ओढून बघते,
पोहायला शिकणाऱ्या पोराच्या कमरेची दोरी
बापानं ओढून बघावी तशी.

रात्री मेणबत्ती फरशीवर ठेवून
तळव्यांना आरसा दाखवते.
बोटांच्या बेचक्या पुसते, एकेक,
तान्ह्या बाळाच्या पुसाव्यात तशा.
यांनी कंटाळा केला होता.
यांचा उजवा अंगठा आम्ही मिरजेला ठेवून आलो,
पुढच्या वर्षी पाऊल,
त्याच्या पुढच्या वर्षी
यांनाच.

तिसऱ्या दिवशी गॅलरीच्या गजाला
एक धामण विळखा घालून बसलेली.
ओलीकच्च, दमलेली.
मी एकविसाव्या पावलाला वळले.
म्हटलं, बस बाई.
तुझी तरी रोजची वाट कुठं राहिलीय?

चौथ्या दिवशी बोट आली.
जागा एकच होती,
मधल्या मजल्यावरची चौगुल्यांची बाळंतीण बसली.
पोरांनी वर टोपली मागितली, मी दोर सोडला.
दूध, मेणबत्त्या, आणि
ग्लुकोजची बिस्किटं.
सहा पुडे!
तेवढ्या पाण्यात मी एकटीच
खो खो हसले.
पुडे फडताळात ठेवले.
साखर एकदम उतरली तर एक लागेल.
पाच कुणाचे, ते बघू.

धामण कधी गेली, कळलं नाही.
पाणीही असंच गेलं,
न सांगता, एकेक पायरी मागं ठेवत,
प्रत्येक पायरीवर बोटभर चिखल.

सतराव्या दिवशी आमराई उघडली.
बाकड्यांवर गाळाचे पापुद्रे,
डोक्यावर फांदीत कुणाची तरी उशी,
आणखी वर एक चप्पल, डाव्या पायाची.
हसीना आधीच येऊन थांबलेली,
वाळलेली, गप्प.
आम्ही चालायला लागलो.
चांगलं चाललो होतो,
आणि माझे पाय आपोआप
गर्रकन मागं फिरले.

ती चार पावलं पुढं जाऊन थांबली.
"काय गं, फिरलीस का?
चल की. हितं भिंत कुठं हाय?"

मी मूठ उघडून बघितली.
घरून निघताना एक हळकुंड हातात राहिलं होतं.
ते या हातातून त्या हातात घेतलं
आणि तिला म्हटलं,
तू बोल आता.