केरीतला आश्विन

पाऊस ओसरला, कुळागरात ऊन उतरलं,
आणि झाडावरची पपई अर्धीच उरली.
"उदमांजर," बाबुसो म्हणाला, "फासकी लावू?"
म्हटलं, आधी बघू दे.

पडवीतला दिवा घालवून बसले.
साळिंदर येऊन गेलं खुळखुळत,
सुरणाचं आळं उकरून.
मग बराच वेळ काही नाही.
मग वास. एवढ्या रात्री
कुणाच्या चुलीवर आंबेमोहोर शिजतोय?

चूल नव्हती. पोफळीवरून पपईवर
ते उतरत होतं, एकेक पाय चाचपत,
विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखं.
माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि खात राहिलं.

सकाळी बाबुसो तार घेऊन हजर.
"आलं होतं?"
डोळा लागला रे, मी म्हटलं,
आणि वरची दुसरी पपई पिवळी होतेय का
ते त्याच्या खांद्यावरून पाहून घेतलं.