ड अधिक

शाळेत 'ड' मिळाला की
वडिलांची सही आणायची, मान खाली घालून.
इथं लक्ष्मीपुरीत, आमच्या ऑफिसात,
पंख्याखाली फायली फडफडतात
आणि मी तालुक्यांचे गुण वाचून दाखवतो :
अ म्हणजे काही नाही.
ब, थोडंफार. क, बरं. ड, चांगलं.
आणि सगळ्यांच्या खाली, घाटाच्या तोंडाला,
'ड अधिक'.

बाबगोंडा मगदूम खुर्चीत पुढं सरकले.
"अधिक म्हंजे?"
म्हटलं, अधिक म्हणजे आणखी उणे.

म्हणजे वीजशुल्क माफ. मुद्रांक माफ.
राज्याच्या वाट्याचा जीएसटी आधी भरायचा
आणि मग परत मागायचा,
लग्नातला आहेर परत मागावा तसा,
जरा लाजत,
पण विहित नमुन्यात, तीन प्रतींत.

दिवाळी झाल्यावर मगदुमांनी
उद्यमनगरातली भट्टी उपटली.
तिच्याखालची जमीन अजून काळी आहे.
समोरच्या मुबारकचा चहा
दिवसाला चाळीस कप कमी झाला.
मी नमुना उलटसुलट करून पाहिला,
त्या चाळीस कपांना रकाना नव्हता.

मुरकुटवाडीला एसटी फाट्यापर्यंत येते,
पुढं ज्याचे त्याचे पाय.
नर्सबाई मंगळवारी, ओढ्याला पाणी नसलं तर.
शेड उभी राहिली, सरपंचांनी नारळ फोडला,
खोबरं वेचायला अख्खी शाळा आली :
अकरा पोरं.

अट होती, ऐंशी टक्के माणसं गावातली हवीत.
म्हणून मी हजेरीपट घेऊन
वर्षातून दोनदा जातो, नावं ताडून बघतो.
आक्काताई पोवार, वाळू चाळते.
डोक्याला टॉवेल, भुवयांवर धूळ,
ऐन चाळिशीत पांढऱ्या भुवया.
अंगठा नाही, सही करते,
'पोवार'मधला 'वा' जरा मोठा काढते.

त्या दिवशी सही करून पेन तिनं सोडलं नाही.
"सायेब, आमी मागास हाय
म्हणून ह्यो कारखाना आला न्हवं?"
हो.
"मग ह्येच्या पगारावर आमी फुडं गेलो, तर
ह्यो जाणार?"
मी म्हटलं, दहा वर्षांनी आढावा असतो,
गट बदलू शकतो, तसं धोरणात…
आणि तांब्यातलं पाणी प्यालो, तहान नसताना.
ती बाकीच्या बायांकडं वळली.
"ऐकलासा? दहा वर्सं
जरा सावकाश चालायचं, बायांनू."
हसल्या सगळ्या. चाळणी पुन्हा हलायला लागली.

तिकडं परताव्याचे तीन मार्च कोरडे गेले.
उद्योग केंद्रात मी विचारतो,
ते म्हणतात, विचाराधीन.
मगदूम म्हणतात, "परतावा म्हंजे जावई,
येतो येतो म्हणतो, आणि कोंबडी फुकट मरती."
मुरकुटवाडीचा रस्ताही विचाराधीन आहे,
दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या कपाटात.
जो कर आम्ही माफ करून घेतला
त्यात किती खडी बसली असती,
हा हिशोब मला येतो.
कुणी करायला सांगितलेला नाही.

निघताना आक्काताईनं हातात काहीतरी दिलं,
जड, अजून कोमट.
बिघडलेलं कास्टिंग, आत हवा राहिलेली,
वर खडूची फुली.
"न्या. कागदं उडत असतील तुमची."
फाट्यापर्यंत पिशवीचा बंद खांद्यात रुतत होता.

आता ते माझ्या टेबलावर असतं.
झाडणारा पोरगा उचलतो, कसंही ठेवतो.
कधी फुली असते.
कधी अधिक.
खडू पुसत आलाय.
तालुक्यांची नवी यादी, म्हणतात, जूनमध्ये निघेल.