एकशे ऐंशीच्या वर

एलादिओ आठवीत भूमितीत दोनदा नापास झाला,
दोन्ही वेळा माझ्याच सहीनं.
आता तो ओर्मिगेरोसच्या उतारावर
माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो,
आणि त्याच्या पोर्चमध्ये, कपड्यांच्या दोरीखाली,
एक लाल टोयोटा. इवलीशी,
बाजारहाटाला न्यावी एवढीच.
तिच्या पोटात त्यानं दुसऱ्याच कंपनीचं इंजिन बसवलंय,
ज्यात पिस्टन नाहीत.
"मग आहे काय?" मी भिंतीवरून विचारलं होतं.
"त्रिकोण, मिसी. दोन त्रिकोण. गोल फिरतात."
मला वाटलं, पोरगा सूड उगवतोय.

पोरगा म्हणजे चाळिशी उलटलेला.
रात्रपाळी औषधांच्या कारखान्यात,
दिवसाची झोप अर्धी,
उरलेला जीव या डब्यात.
मायामीहून खोकी येतात:
टर्बो, निळे पाइप, ॲल्युमिनियमचा रेडिएटर.
निल्सा प्रत्येक खोक्याची किंमत विचारते,
तो प्रत्येक वेळी निम्मी सांगतो.
तिला दुप्पट करता येते. तीही माझीच विद्यार्थिनी,
पण पास झालेली.

गाडी सुरू झाली की
माझ्या कपाटातल्या बश्या आपसात कुजबुजतात,
अंगणातले कोकी बेडूक गप्प होतात.
मी नगरपालिकेला तीन पत्रं लिहिली.
तिसऱ्यात मुद्दाम दोन चुका ठेवल्या,
रागात लिहिलंय असं वाटावं म्हणून.

पण कानाला पापणी नसते.
सहा वर्षांत तो नाइलाजानं शिकला:
गार इंजिन कसं अडखळतं,
प्लग बदलले की आवाज कसा स्वच्छ होतो,
तिसरा गियर टाकताना एलादिओ
अजूनही कशी घाई करतो,
उत्तर आधी लिहून पायऱ्या मागून जोडायचा, तसाच.

मार्चमधल्या एका संध्याकाळी
तो इंजिन पेटू न देता नुसतं घुमवत होता.
मी भांडी घासताना मोजलं.
ठक्, फुस, फुस.
ठक्, फुस, फुस.
ओल्या हातांनी भिंतीशी गेले.
"तीनातला एकच धड आहे रे. दोन गळतायत."
"दोन सील गेली?"
गाड्यांतलं मला शून्य कळतं.
"दोन बाजू बिघडल्या असतील," मी म्हणाले,
"तर दोघींचा सामाईक शिरोबिंदू बघ आधी.
हे आठवीला होतं."

अकरा दिवस इंजिन जुन्या गादीवर उघडं पडलं होतं.
सापडली ती पट्टी: फणीच्या दातापेक्षा थोडी जाड,
एका टोकाला तुटलेली.
तेवढ्यासाठी सगळा खटाटोप.
त्यानं तो त्रिकोण धुऊन पुसून
माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला,
नेमका चौथ्या पत्रावर.
जड. काळपट. बाजू फुगलेल्या,
पोट भरल्यासारख्या.
"मिसी, याच्या कोनांची बेरीज किती?"
चौतीस वर्षं फळ्यावर एकच आकडा लिहिला मी.
कोनमापक काढला. दोनदा मोजलं.
तो हसला नाही,
तेच जास्त लागलं.

नवी सील बसवताना त्याला जवळचं दिसेना,
चष्मा घ्यायला तयार नाही.
फटीत घालायच्या पात्यांवरचे बारीक आकडे
मी वाचून दाखवले.
निल्सानं टॉर्च धरला आणि विचारलं,
"या पट्ट्यांचे किती?"
त्यानं खरं सांगितलं.
टॉर्च जरा हलला.

पहिले दीड हजार किलोमीटर हळू चालवायचं, असा नेम.
शेजारी म्हातारं माणूस असलं
की पाय आपोआप हलका राहतो, म्हणतो.
म्हणून गेले सात रविवार
आम्ही काबो रोहोच्या दीपस्तंभापर्यंत जातो,
पोरंटोरं मोपेडवरून पुढे निघून जातात,
मिठागरं दिसतात, मी शहाळं घेते.

जपानहून मागवलेल्या तबकडीवर
आकडे एकशे ऐंशीला संपतात.
"त्याच्या पुढे?"
"पुढे नुसती काळी जागा आहे, मिसी."

आज परतताना मीटरनं दीड हजार ओलांडले.
त्यानं पाहिलं. मी पाहिलं.
रस्ता सरळ, दोन्हीकडे कुणी नाही.
तो काही बोलला नाही.
मी पर्स पायांत ठेवली
आणि पट्टा ओढून पाहिला, घट्ट आहे ना.